कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) यादीत कोणतं कॉलेज वर ठेवावं, कोणतं खाली? (लेकीच्या इंजिनिअरिंगसाठी, रावेर तालुक्यातून)

केळीबाग

नमस्कार मंडळी. इथलं बरेच दिवस वाचते आहे, लिहायची वेळ आज आली. मोठी लेक यंदा फैजपूरहून बारावी झाली. सीईटीला पीसीएममध्ये ९१.३ पर्सेंटाइल आहेत. आम्ही ओबीसी, नॉन-क्रिमिलेअर काढलेलं आहे, उत्पन्न आठ लाखांच्या बरंच खाली. दोन्ही घरांत मिळून इंजिनिअर एकही नाही, त्यामुळे विचारायचं कोणाला हाच प्रश्न.

परवा तालुक्याला एका नेट कॅफेत गेलो. तिथल्या मुलानं दहा मिनिटांत ६८ नावांची यादी छापून दिली. जास्त कटऑफवालं वर, कमीवालं खाली, एवढाच हिशोब. लेकीनं ती घरी आणून केळीच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानांवर हातानं उतरवली आणि प्रत्येक नावापुढं गाव लिहिलं. २३ गावं अशी निघाली की घरातलं कोणीच तिथं कधी गेलेलं नाही. ११ नावांपुढं तिनं फुली मारली. म्हणते, इथं नंबर लागला तरी मी जाणार नाही. मग ती नावं यादीत ठेवायचीच कशाला?

तिला पुण्याला कॉम्प्युटर हवं आहे. तिचे वडील म्हणतात जळगाव, फार तर शिरपूर. पुण्याची नावं वर टाकली तर जळगाव हातचं जाईल अशी त्यांना धास्ती आहे. दोन रात्री याच विषयावर बसलोय. कोणी नीट समजावून सांगेल का?

तापीकाठ

ताई, मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. दरवर्षी जुलैत पंचवीस-तीस मुलांच्या याद्या बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भाऊंची, म्हणजे लेकीच्या वडिलांची, धास्ती. संगणक मेरिट क्रमांकानुसार एकेक मुलगा घेतो आणि त्याची यादी वरून खाली वाचत जातो. पहिल्या नावाला जागा नसेल तर दुसरं, तिथं नसेल तर तिसरं. दहाव्या नावावर पोचल्यावर तिथं तिचा मेरिट क्रमांक आणि तिच्या प्रवर्गातली जागा एवढंच बघितलं जातं. तुम्ही ते नाव पहिलं लिहिलं होतं की दहावं, याचा जागा मिळण्याशी संबंध नाही. जळगाव पहिलं लिहिल्यानं ते जास्त मिळत नाही आणि पुण्याची चार नावं वर लिहिल्यानं ते निसटत नाही. आपल्याकडं म्हणतात ना, हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नये. इथं वरचं मागताना हातचं सुटतच नाही. सुटतं ते तेव्हा, जेव्हा हातचं यादीत लिहिलेलंच नसतं.

म्हणून क्रम लावायचा तो आवडीनं. कटऑफ बघायचा तो यादीत कोणती नावं यावीत हे ठरवायला. नेट कॅफेवाल्यानं या दोन गोष्टी एकत्र केल्या, इथंच सगळं बिघडलं.

आता यादीची बांधणी. मी मुलांना तीन शब्द देतो: उडीचं, बरोबरीचं, हातचं. उडीचं म्हणजे मागच्या वर्षी शेवटच्या फेरीत आपल्यापेक्षा थोड्या वरच्या मुलाला लागलेलं. बरोबरीचं म्हणजे आपल्या आसपास बंद झालेलं. हातचं म्हणजे आपल्यापेक्षा बरंच खाली बंद झालेलं. तिन्ही लागतात. पण पाच-पाच-पाच असे समान वाटे करू नका. उडीची चार-पाच पुरेत. ९१ ला पुण्याच्या सीओईपी कॉलेजचं कॉम्प्युटर लिहायला पैसे पडत नाहीत हे खरं, पण ते ९९ च्याही वर बंद होतं. त्याला उडी म्हणता येत नाही. खरा वेळ बरोबरीच्या नावांवर घालवा, कारण नंबर बहुतेक तिथंच लागतो. आणि हातच्यात तेच लिहा जिथं लेक हसतमुखानं जाईल. जिथं जायचंच नाही ते हातचं होत नाही. ती ११ नावं आजच खोडा.

कटऑफ एकाच वर्षाचा बघू नका, निदान दोन वर्षांचा बघा. पहिल्या फेरीचा आणि शेवटच्या फेरीचा असे दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहा. कंसातल्या पर्सेंटाइलबरोबर मेरिट क्रमांकही उतरवा. कॉलेजनं एखाद्या शाखेच्या जागा वाढवल्या की आकडा खाली येतो, तेव्हा यंदाच्या जागा किती तेही बघा.

भुसावळ जंक्शन

सरांनी छान सांगितलं. फक्त कटऑफची ती पीडीएफ उघडली की आधी कोड वाचायला शिका, नाहीतर सगळी आकडेमोड चुकीच्या रकान्यात होते. मी स्वतः तीन दिवस चुकीचा रकाना बघत होतो.

उदाहरणार्थ जीओबीसीएच. पहिलं जी म्हणजे सर्वसाधारण, तिथं एल असेल तर मुलींच्या राखीव जागा. मध्ये प्रवर्ग. शेवटचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं: एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाचे, एस म्हणजे राज्यस्तर. तुमच्या लेकीनं फैजपूरहून बारावी केली म्हणजे तिचं होम युनिव्हर्सिटी आपलं, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे. इथल्या बहुतेक खासगी कॉलेजांत ७० टक्के जागा होमच्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना. पुण्यात वाटणी हीच, पण आपली बाजू उलटी. तिथं ती ओ मध्ये, आणि त्या ३० टक्क्यांत तिच्याबरोबर नाशिक-नगर-पुणे सोडून उरलेला सगळा महाराष्ट्र. म्हणजे पुण्याच्या कॉलेजसाठी एलओबीसीओ आणि जीओबीसीओ हे रकाने बघा, आणि आपल्याकडच्यासाठी एलओबीसीएच, जीओबीसीएच. तिच्यासाठी ओपनचेही रकाने बघून ठेवा, कारण राखीव प्रवर्गातल्या मुलीला ओपनमधूनही जागा लागू शकते.

ज्या कोडच्या शेवटी एस आहे तिथं होमचा फायदा नाही. स्वायत्त शासकीय कॉलेजांना हे लागू असतं. आपल्या जिल्ह्यात आहे म्हणून आपल्याला झुकतं माप मिळेल असं धरून चालू नका.

केळीबाग

अरे बापरे. आम्ही सगळीकडं जीओपनएच बघत होतो. आज रात्री परत वही घेऊन बसतो.

पांझरेकाठी

ताई, मन्ही आंडेर (लेक) बी यंदा सीईटीले बठेल व्हती. धागा वाची राहिनू.

होम युनिव्हर्सिटीवरून एक सांगतो, कारण आमच्या भावकीत हे घडलं. पुतण्या धुळ्याचाच, पण अकरावी-बारावी लातूरला केली. आम्ही सगळे धुळे-शिरपूरचे एच रकाने बघून निर्धास्त होतो. फॉर्म पडताळणीच्या वेळी कळलं की बारावी जिथून, होम तिथलं. त्याचं होम नांदेडचं विद्यापीठ निघालं. स्वतःच्या गावातल्या कॉलेजात तो बाहेरचा! नंतर यादी सगळी नव्यानं केली. मोठ्या क्लासेससाठी मुलं बाहेर पाठवणाऱ्यांनी हे अकरावीलाच लक्षात घ्यावं.

चोपडा नाका

माझा अनुभव कडू आहे, पण लिहितोच, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान टळेल.

भाच्याची यादी करताना आम्ही पहिल्या ठिकाणी एक लांबचं कॉलेज नुसतं नाव मोठं म्हणून टाकलं. शाखाही त्याला नको असलेली. वाटलं, लागणार थोडंच आहे. पहिल्या फेरीत तेच लागलं. २०२५ च्या नियमानं पहिल्या फेरीत पहिलं नाव लागलं की ते आपोआप फ्रीझ. घ्यायचं, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काही लागलं तरी तसंच, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. पोरगा दोन दिवस जेवला नाही. त्याला मेकॅनिकल हवं होतं आणि आपल्या जवळ हवं होतं, त्याची आजी त्याच्यावरच आहे. शेवटी गेला तिकडं. आता ठीक आहे, पण पहिलं वर्षभर तो फोनवर नीट बोलला नाही.

तेव्हा पहिली तीन आणि पहिली सहा नावं ही वेगळी समजा. तिथं नुसतं नाव मोठं म्हणून काही लिहू नका. यंदाचं माहितीपत्रक निघालं की हा नियम त्यात तसाच आहे का, ते पान स्वतः वाचा.

तापीकाठ

चोपडा नाका, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्याच उत्तरात ही गोष्ट यायला हवी होती. क्रम आवडीनं लावा म्हणालो त्याचं खरं कारण हेच आहे.

फी काउंटर

मी एका कॉलेजात शुल्क विभागात बारा वर्षं आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही. प्रवेशाच्या आठवड्यात समोर उभे राहिलेले आईबाप बघते, म्हणून पैशांचं मी सांगते. यादी पर्सेंटाइलनं जुळते आणि पैशांनी कोलमडते, असं दरवर्षी होतं.

केळीबागताई, तुमच्या लेकीसाठी चांगली गोष्ट आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेजातसुद्धा. पण अट लक्षात ठेवा: प्रवेश कॅपमधून झाला पाहिजे. संस्थास्तरावरच्या जागेला, म्हणजे लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात त्याला, हे नाही. खासगी अभिमत (डीम्ड) आणि खासगी विद्यापीठांनाही नाही. 'कॅपमध्ये कशाला अडकता, थेट या' असं कोणी फोनवर म्हणालं तर हा फरक विचारा.

दुसरं, माफ होतं ते शिक्षण शुल्क. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, बस हे तुमच्याकडंच राहतं. प्रत्येक कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. वहीत प्रत्येक नावापुढं तीन आकडे लिहा: विकास शुल्क, राहणं, जेवण. पुण्यात खोली आणि मेस धरून वर्षाचा आकडा काढा, मग चारनं गुणा. तो आकडा बघून भाऊ आणि लेक दोघं एकत्र बोलू द्या. आमच्याकडं एका वडिलांनी प्रवेशाच्या दिवशी तो आकडा पहिल्यांदा ऐकला. खिशातली केळीच्या विक्रीची पट्टी (पावती) काढून तिच्या मागं बेरीज करत तिथंच बाकावर बसून राहिले. मुलगी शेजारी उभी होती. ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाही.

मुलांच्या पालकांसाठी: टीएफडब्ल्यूएस म्हणून शुल्कमाफीच्या जागांचे वेगळे कोड असतात, शेवटी टी. पाच टक्के जादा जागा, उत्पन्न आठ लाखांच्या आत, शिक्षण शुल्क माफ, जात न बघता गुणवत्तेवर. यादीत तो कोड त्याच शाखेच्या साध्या कोडच्या वर लिहायचा. खाली लिहिला तर संगणक साध्या कोडवरच थांबतो आणि टीएफडब्ल्यूएसपर्यंत पोचतच नाही. ही चूक मी दरवर्षी पाच-सहा याद्यांत बघते. ओपनमधल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मं शिक्षण शुल्क मिळतं, त्याचा अर्ज महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर.

आणि कागद. नॉन-क्रिमिलेअर पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवं, मुदत संपलेलं चालत नाही. जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर आजच समितीकडं चौकशी करा. वेळेत कागद आला नाही तर मूल ओपनमध्ये धरलं जातं, आणि मग वहीतले सगळे रकाने बदलतात.

सातपुडा

मी शहादा तालुक्यातला, पावरा आदिवासी. सध्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरातून कॉलेजला गेलेला पहिलाच.

आमच्याकडं वेगळीच अडचण असते. एसटीच्या, म्हणजे अनुसूचित जमातीच्या, रकान्यात मोठी नावं दिसतात आणि सगळे म्हणतात, मिळतंय तर जा. मीही यादी तशीच केली होती. शाळेतल्या सरांनी मला एक प्रश्न विचारला: दिवाळीच्या सुट्टीशिवाय मध्येच घरी यावंसं वाटलं तर कसा येशील? मी गप्प. मग त्यांनी माझ्या यादीपुढं एसटी बस आणि रेल्वे लिहायला लावली. नंदुरबारहून सुरत-भुसावळ लाईन आहे, म्हणून जळगाव सरळ. पुण्याला मात्र रात्र जाते. मी तरी पुणं वर ठेवलं, पण विचार करून ठेवलं. मिळालं नाही, पाचवं नाव मिळालं, आणि पहिल्या दिवशी रडू आलं नाही, कारण पाचवं नावही मीच लिहिलं होतं.

आदिवासी वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो. जागा मिळाली नाही तर स्वयं योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे खात्यात येतात. ते उशिरा आले तर पहिले काही महिने घरून सोय लागते, ती आधीच करून ठेवा. कोणाला माहिती हवी तर इथंच विचारा, मी उत्तर देतो.

केळीबाग

बाळा, तुझा प्रतिसाद मी लेकीला वाचून दाखवला. तिनं वहीत नवा रकाना आखला: घरी यायला किती तास.

अमळनेर कट्टा

थोडं वेगळं मत मांडतो. सगळे कॉलेजच्या नावावर बोलत आहेत, शाखेवर कोणी नाही. कॉम्प्युटरच हवं म्हणून पुण्यात कुठलंही, तीन-चार वर्षांपूर्वी निघालेलं कॉलेज लिहिण्यापेक्षा आपल्या भागातलं जुनं कॉलेज आणि शेजारची शाखा बरी. जळगावजवळच्या बांभोरीचं कॉलेज १९८३ चं आहे, जळगावचं शासकीय १९९६ चं, शिरपूरचं आर. सी. पटेल २००१ चं. इतकी वर्षं तिथून मुलं बाहेर पडताहेत, त्यांना फोन करून विचारता येतं. विद्यापीठाच्या आवारातल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं नाव तर मुलांच्या यादीत दिसतच नाही. ज्याला केमिस्ट्रीत खरी गोडी आहे त्यानं ते का सोडावं?

भुसावळ जंक्शन

सहमत, पण अर्धाच. ज्या मुलीला कोडिंगची आवड आहे तिला सिव्हिलला घालून 'कॉलेज चांगलं आहे' म्हणण्यात अर्थ नाही. मात्र कॉम्प्युटर, आयटी, डेटा सायन्स, एआय या शाखांचे पहिले तीन-चार सत्रांचे विषय एकमेकींच्या शेजारी ठेवून बघा, बरेचसे तेच असतात. एकाच कॉलेजात यातल्या दोन-तीन शाखा लिहिल्या तर यादीला बळ येतं.

आणि एकदा जाऊन या. जाहिरातीचे फलक बघायला नको, साध्या वारी दुपारी जा. आम्ही असंच एका कॉलेजात गेलो होतो. संगणक प्रयोगशाळेत चाळीस यंत्रं, त्यातल्या अकरांवर कागद चिकटवलेला, 'बंद आहे'. कागद पिवळा पडलेला. दुसऱ्या एका ठिकाणी इमारत साधी, पण साडेचारला प्रयोगशाळा भरलेली, आणि मुलं उठायला तयार नाहीत. आम्ही दुसरं वर ठेवलं. मुलींचं वसतिगृह आतून बघा, पाणी कधी येतं ते तिथल्या मुलींनाच विचारा. प्लेसमेंटबद्दल सगळ्यात मोठा पगार किती ते विचारू नका, साठांपैकी किती जणांना लागली ते विचारा.

केळीबाग

मंडळी, चार दिवसांनी येतेय. वडील आणि लेक दोघं मिळून जळगाव, बांभोरी, धुळे, शिरपूर करून आले. पहाटेच्या गाडीनं निघाले, रात्री दहाला परत. तिकडून येताना हे एकदम शांत. मला म्हणाले, शिरपूरच्या पोरी लॅबमध्ये आपल्याआपण बसलेल्या बघितल्या. पुणं नको म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, पुण्याची दोन ठेव वर, लागलं तर बघू पैशांचं.

आता ६८ ची २६ झाली. वर पुण्याची दोन, कॉम्प्युटर आणि आयटी. तिसरं शिरपूर डेटा सायन्स. मग जळगाव शासकीय, तिथलं कॉम्प्युटर आणि ते नाही तर दुसरी एक शाखा. मग शिरपूरच्या आणखी दोन, नाशिकची तीन, बांभोरी, धुळ्याची दोन, आणि खाली आपल्याच भागातली, जिथं ती रोज येऊनजाऊन करू शकते. शिरपूर जळगावच्या वर ठेवावं का, यावर घरात वाद झाला. शासकीयची फी कमी, पण हिला शिक्षण शुल्क दोन्हीकडं माफच. मग तिनं तिथल्या लॅबवरून ठरवलं. बरोबर केलं का?

तापीकाठ

ताई, जाऊन बघून, हिशोब करून ठरवलंय, त्यामुळे बरोबरच. मी फक्त एकच सुचवीन. तिसरं नाव दुसऱ्या फेरीत आपोआप फ्रीझ होणार, म्हणून आज रात्री लेकीला एकदा विचारा: शिरपूर लागलं आणि पुण्याचा रस्ता बंद झाला, तर चालेल? मनापासून हो म्हणाली तर तसंच ठेवा. चाचरली तर पुण्याचं आणखी एखादं बरोबरीचं त्याच्या वर घाला. आणि फॉर्म निश्चित करायला शेवटचा दिवस गाठू नका. लॉगिन पासवर्ड नेट कॅफेवाल्याकडं नको, तिच्याकडंच हवा.

केळीबाग

विचारलं. म्हणाली, चालेल, आणि लगेच म्हणाली, विचार करून सांगते. सकाळी चहा घेताना सांगितलं, चालेल. फॉर्म तिनंच स्वतः निश्चित केला, मी नुसती शेजारी बसले होते. छापील प्रत वहीत चिकटवली आहे.

केळीबाग

पहिल्या फेरीत आठवं नाव आलं होतं, ते हातात ठेवून बेटरमेंटला, म्हणजे वरचं मिळतं का बघायला, पुढच्या फेरीत गेलो. आज दुसरी फेरी लागली. तिसरं नाव. शिरपूर. सोमवारी कागद घेऊन निघतोय. फी काउंटरताई, मूळ प्रती किती आणि झेरॉक्स किती संच न्यायचे? आणि वसतिगृहात गादी घरून न्यावी लागते का?

फी काउंटर

अभिनंदन! लेकीला माझ्याकडून शाबासकी. सगळ्या मूळ प्रती, झेरॉक्सचे तीन संच, फोटो आठ-दहा. मूळ प्रती जमा करण्याआधी स्वतःसाठी एक संच स्कॅन करून मोबाइलमध्ये ठेवा, पुढं महाडीबीटीला लागतो. गादीचं कॉलेजला फोन करून विचारा, पण चादर आणि बादली न्याच.

सातपुडा

ताई, कुलूप पण न्या. कपाटाला असतं, पण चांगलं नसतं.